मंगळवारी पाळीवर

अमरावती, शनिवार, ८ जून १९५७

सकाळपासून तीनदा आवाज चढला. तिसऱ्या वेळी बायको पार्वताबाई चुलीपुढून म्हणाली, "मले कावून आयकवता जी? माझ्या आयकण्यानं साथ थांबते काय? वहीत लिहा." म्हणून लिहितो आहे. पस्तीस वर्षं नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, पण स्वतःच्या मनातलं लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

संतापाचं कारण असं. मद्रास-मुंबईकडून निघालेला फ्लू आता अकोल्याला पोचला. धाकट्या भावाचं कार्ड आलं, त्यांच्या गल्लीत एक घर सुटलेलं नाही. इथेही काल दवंडी पिटली: गर्दी करू नये, शाळा उशिरा उघडतील, आजाऱ्याने घरात राहावं. आणि आज संध्याकाळी वडाळीच्या तलावाकडे फिरायला गेलो तर पाळीवर, म्हणजे त्या लांबलचक मातीच्या बांधावर, पंधरा-सोळा पोरंपोरी बसलेली. कोणी पंधराचं, कोणी अठराचं. एक जण डब्यावर ताल धरत होता आणि बाकीचे हसत होते. गावात माणसं अंथरुणाला खिळलेली आणि ह्यांना हसू सुचतं!

मी मानमोडी पाहिली आहे. सन अठराच्या त्या साथीला आमच्याकडे हेच नाव. नोकरीला लागून एकच वर्ष झालं होतं. आमचा पट्टेवाला बुधाजी वस्त्यावस्त्यांतून फिरून मेलेल्यांची नावं आणायचा आणि कचेरीच्या खिडकीबाहेर उभा राहून मला सांगायचा. आत येण्याची त्याच्या जातीला मुभा नव्हती. तो सांगे, मी लिही. एके दिवशी त्याने माझ्या थोरल्या भावाचं नाव सांगितलं. मी तेही लिहिलं आणि पुढचं नाव विचारलं. तेव्हा साथीत कसं वागावं हे मला कालच्या पोरांनी शिकवू नये.

मंगळवार, ११ जून

आज मुद्दाम गेलो, आणि काठी घेऊन गेलो. पाहिलं ते लिहून ठेवतो, पुढे अर्जाला उपयोगी पडेल.

एका पोराच्या केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरावी. दोघी मुली चपला बाजूला काढून पाण्यात पाय सोडून बसलेल्या. हेच पाणी हे शहर पितं, पण सांगणार कोण? सगळ्यांच्या गळ्यात रुमाल, सिनेमातल्या दरोडेखोरांसारखे. नवी फॅशन असेल. मधोमध दोन केटल्या आणि झाकणाची पातेली, म्हणजे चक्क सहल! पेजेचा आणि जिऱ्याचा वास माझ्यापर्यंत येत होता. शेजारच्या नत्थुजींचा नातू शेषराव मला पाहून दुसऱ्याच्या पाठीमागे लपला.

मी विचारलं, "दवंडी आयकली नाही काय रे तुमी?"

त्यातला एक उंच पोरगा उठला, चार पावलं मागे सरला, गळ्यातला रुमाल नाकावर ओढला आणि म्हणाला, "आयकली नं, काका. तुमीच थोडे दूर उभे राहा. तुमाले खोकला हाये."

मला म्हणतो, खोकला! माझा खोकला धुळीचा आहे, तो शनिवारपासूनचाच आहे, आणि तो माझा मी पाहून घेईन. चौकशी केली तर हा बुधाजीचा देवमन निघाला. यंदा मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झाला म्हणे. गेल्या दसऱ्यापासून ती मंडळी बौद्ध झाली. बुधाजी आता रस्त्यात भेटला की जय भीम म्हणतो, आणि मान ताठ ठेवून म्हणतो. बाप तसा बेटा, दुसरं काय!

रविवार, १६ जून

आज रागावण्यासारखं फारसं घडलं नाही, तरी लिहितो. आमचं शेंडेफळ शकुन मॅट्रिक झाली. घराण्यात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. काल ती कॉलेजचा छापील अर्ज घेऊन आली. पालकाची सही पाहिजे, शेवटची तारीख ११ जुलै. लहानपणापासून तिला मास्तरीण व्हायचं आहे. भिंतीला शिकवायची, गाईला शिकवायची. मी म्हटलं, माझी ना नाही, चांगला दिवस पाहून सही करीन. अर्ज लोखंडी पेटीत ठेवला. पेटीची किल्ली माझ्या करदोट्याला असते.

"बाबा, इसरू नका," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांत मी एक तारीख विसरलेलो नाही, हे तिला ऐकवलं.

घरात उंदीर मात्र फार झाले आहेत. महिन्याचे तांदूळ पंधरवड्यातच तळाला गेले. पार्वताबाईला विचारलं तर म्हणते, "असंन एखांदा उंदीर." पिंजरा आणून भजं लावलं. चार दिवस भजं तसंच वाळलं आणि तांदूळ मात्र रोज कमी. असा उंदीर मी पाहिला नाही.

गुरुवार, २० जून

रागात लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल.

शकुनच्या भूमितीच्या पुस्तकातून एक चिठ्ठी पडली. जशी आहे तशी उतरवतो.

"मंगळवार: शकुन, देवमन पाळीवर. शुक्रवार: सत्यभामा, शेषराव पाळीवर. घरी सांगू नये."

जोड्या लिहिल्या, वार लिहिला, ठिकाण लिहिलं. मुहूर्त आणि भटजीचं नाव तेवढं राहिलं! आमच्या काळी असलं काही करताना माणूस निदान कागदावर तरी आणत नसे. तलावाच्या पाळीवर, उघड्यावर, वेळापत्रक करून! आणि त्यात माझी मुलगी, आणि तीही बुधाजीच्या पोरासोबत.

शकुनला समोर उभं केलं. "परवा मंगळवारी कुठे होतीस?"

तिचा चेहरा उतरला, पण खोटं बोलली नाही. "पाळीवर होती, बाबा."

"देवमनसोबत?"

"हो. दोघं दोघंच जातो आमी. एकट्यानं जमत नाही."

एकट्यानं जमत नाही! बापाच्या तोंडावर! पार्वताबाई मध्ये पडायला आली, तिला मी हाताने थांबवलं. शकुन म्हणाली, "बाबा, आयका त. त्या मनकर्णाबाईच्या घरी..." मी म्हटलं, लोकांच्या घरचं मला काही सांगू नको, आपल्या घरचं बोल. चार जणांत बसायचं होतं तर आपल्या ओसरीवर बसायचं, माझ्या डोळ्यांसमोर.

तिने माझ्याकडे पाहिलं. "देवमनले बसू द्यान तुमी ओसरीवर? झाडूवाल्या चतुराबाईच्या पोरीले? गावात एक तरी ओसरी सांगा, जिथं आमी सारे बसू शकतो. म्हणून तिथं बसतो."

मी विषय बदलला. म्हटलं, अर्जावर सही होणार नाही. कॉलेज बंद. हिवरखेडच्या स्थळाला उद्याच पत्र टाकतो. ती रडली नाही, आत जाऊन पातेलं घासत बसली. तिचं रडणं मला समजलं असतं.

शनिवार, २२ जून

आज आमच्या घरी नागरिकांची सभा झाली. विषय: साथीच्या काळात तरुणांचा स्वैराचार. मला धरून सव्वीस प्रतिष्ठित लोक जमले. आमची मधली खोली तशी आठ जणांची, पण विषयच एवढा गंभीर की दाटीवाटीने बसूनही कोणी तक्रार केली नाही. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पाण्याचा गडू एकच होता, तो सर्वांत फिरला. नत्थुजींना सकाळपासून शिंका येत होत्या तरी आले. ह्याला म्हणतात सार्वजनिक कर्तव्य! माझ्या भाषणात धुळीच्या खोकल्याने दोनदा अडथळा आला, तरी टाळ्या पडल्या.

ठराव एकमताने पास झाला: "साथीच्या दिवसांत पंधराहून अधिक व्यक्तींनी एकत्र बसणे हा समाजद्रोह आहे." वाक्य माझं. खाली सव्वीस सह्या.

तलावाचा राखणदार पुंजाराम याला बोलावून पाळीकडचं फाटक लावून घ्यायला सांगितलं. माझा शब्द तिथे अजून चालतो.

सगळे गेल्यावर पार्वताबाईने खिडक्या उघडल्या. "सव्वीस मान्सं एका खोलीत कोंबली तुमी. अन् थे पोट्टे वाऱ्यात बसले त त्याईचं पाप?"

बायकांना ठरावाची भाषा कळत नाही.

बुधवार, २६ जून

सभेतले नऊ जण तापाने पडले. नत्थुजींना तर उठवत नाही. मी म्हणत होतो तेच झालं! तलावावरचा वारा ह्याच दिशेने गावात येतो. चार दिवस आधी फाटक लावलं असतं तर ही वेळ आली नसती. पोरांना आता तरी लाज वाटावी.

हिवरखेडला पत्र टाकलं. मुलगा शेतकी खात्यात आहे. शकुन दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते, ताटाकडे पाहते आणि जाते.

शुक्रवार, २८ जून

दुपारी बुधाजी आला. आता त्याला आत यायला कोणाची मनाई नाही, कायदा झाला आहे. तरी खिडकीशीच उभा राहिला. मीही या म्हटलं नाही.

"खुशालरावजी, जय भीम. पाळीवरच्या पोट्ट्याईले कावून थांबवलं तुमी?"

मी म्हटलं, "पाळीवर जायला मनाई आहे. सव्वीस सह्यांचा ठराव आहे."

"अन् मंग पाळीवर जाईन कोन? थे सव्वीस?"

"कोणीच जायचं नाही. पाळ मोकळी राहिली पाहिजे."

"दोन दिवस मोकळी राहिली नं! मनकर्णा तशीच पडली होती, तापानं फणफणत. ना पेज, ना पानी. दोन लेकरं उशाशी बसून होते. बुधवारी शेजारनीनं दार ढकललं म्हणून वाचली बाई."

"तिला पाळीवर जाऊन पडायला सांगितलं कोणी?" मी विचारलं.

बुधाजीने खिडकीच्या गजावरचा हात काढला. मग म्हणाला, "मानमोडीत म्या नावं आनली अन् तुमी लिहिली. तवा बी तुमी खिडकीच्या बाहेर कदी पायलं नाही." आणि निघून गेला.

एवढ्या वर्षांच्या ओळखीत मला असं बोलण्याची त्याची पहिलीच वेळ. आणि बोलण्याला ताळमेळ तरी असावा! मनकर्णा ही कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी विधवा, भाजीबाजारामागे राहते. तिथून तलाव दीड-दोन मैल. तापात ती बाई लेकरं घेऊन पाळीवर कशाला गेली, हे कोडं मला सुटलेलं नाही.

रविवार, ३० जून

अंग मोडून आलं आहे. ऊन बाधलं असावं. आभाळ आहे, तरी.

शुक्रवार, १२ जुलै

आज बसवलं. दोन उशांना टेकून लिहितो आहे. बारा दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. तोंड बांधलेली माणसं येत होती, एवढं आठवतं. कोणीतरी मानेखाली हात घालून मला उचलत होतं आणि कपाने पेज पाजत होतं. जिऱ्याची पेज. वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवत नव्हतं.

आज सकाळी उशाशी केटली दिसली. तोटीजवळ पोचा आलेली. ही केटली मी तलावावर पाहिली होती. शेजारी एक वही होती, तीही उघडली. मी आयुष्यभर वह्याच वाचल्या.

प्रत्येक पानावर वार, घर आणि दोन नावं. मनकर्णाबाईचं घर, मंगळवार: शकुन, देवमन पाळीवर. पुंजारामचं घर, बुधवार: इंदू, शेषराव पाळीवर. पानं उलटत गेलो. नत्थुजींचं घर होतं. ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी अकरा घरं होती. आणि मग: "खुशालरावांचं घर, मंगळवार, २ जुलै: शकुन, देवमन पाळीवर." पुन्हा ९ जुलै, तेच.

आमच्या घरात पाळ कुठून आली, असं मी खरोखर मनाशी म्हणालो. मग समजलं. लिहितानाही कान गरम होतात. पस्तीस वर्षं सरकारी मराठी लिहिलेल्या माणसाला पाळी म्हणजे पाळी, आलटून पालटून करायचं काम, हे कळायला बारा दिवसांचा ताप यावा लागला.

शकुनला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, नाकावर रुमाल. दरोडेखोरांची फॅशन.

"हे काय आहे?"

"ज्या घरी सारेच आजारी, तिथं आमी दोघं दोघं जातो. पानी भरतो, पेज देतो, दवाखान्यातून बाटली आनतो. तलावावर पाळ्या ठरवाले बसतो. तिथंच तीन दगडांवर पेज शिजवतो. हे सांगतच होती म्या तुमाले."

"पाळीवर जातो, असं सांगत होतीस!"

"मंग दुसरं काय सांगू, बाबा? पाळीवरच जात होती."

तांदळाचा उंदीर कोण, तेही कळलं. तो स्वयंपाकघरात हूं की चूं न करता भाकरी थापत होता. मी पार्वताबाईला विचारलं, "मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुमी आयकता कदी? तुमी त लिहिता." पुंजारामच्या घरात चौघं पडल्यावर त्याने आपणहून फाटक उघडलं म्हणे. पोरांपैकीही तिघं आजारी पडले, त्यातली एक चतुराबाईची मुलगी अजून अंथरुणात आहे. म्हणजे साथीत एकत्र बसू नये हे माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एवढं मी शकुनला ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणून त वाऱ्यात बसतो आमी. तुमच्या मधल्या खोलीत नाही."

मी पुढचं विचारलं.

"पेज कोण पाजत होतं?"

"देवमन. मले एकटीले तुमी उचलल्या जात नव्हते."

खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो कपाचा. आमच्या घरचा कप, त्याच्या हातात, माझ्या तोंडाला. ही वही कोणी वाचणार नाही, मग इथे खोटं कशाला लिहू? दुसरा विचार यायला दुपार उलटली. तो असा की मंगळवारी दोन घरं होती त्यांच्याकडे. मनकर्णाबाईला पेज देऊन तो पोरगा, ज्याला मी काठी दाखवली होती, पायी माझ्या घरी येत होता. आणि आल्यावर त्याला बसायला कोणी सांगितलं होतं की नाही, हे मला विचारायचं धैर्य झालं नाही.

मग एकदम आठवलं. "आज तारीख काय?"

"बारा."

आम्ही दोघंही पेटीकडे पाहिलं. किल्ली माझ्या करदोट्यालाच होती. अकरा तारीख काल होऊन गेली.

"अगं, मग काढून घ्यायची किल्ली!" मी ओरडलो. ओरडताना खोकला आला. "मी शुद्धीत नव्हतो. कोणाला कळलं असतं?"

"माय म्हणत होती काढ म्हणून," शकुन म्हणाली. "पन मले सही पायजे होती, बाबा. किल्ली नाही."

ती केटली घेऊन गेली. आज शुक्रवार, सत्यभामा आजारी आहे, तिची पाळी शकुनने घेतली आहे. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत बसलो. एवढा राग मला ह्या संबंध महिन्यात कोणाचा आला नव्हता, आणि ह्या वेळी तो काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

शनिवार, १३ जुलै

सकाळी हिवरखेडला तार केली. त्यांचं सोमवारी मुलगी पाहायला येण्याचं पत्र आलं होतं. तारेत लिहिलं, घरात साथ आहे, येऊ नये. साथ संपल्यावरही येऊ नये, ते सविस्तर पत्राने कळवतो.

मग ह्या वहीचं २० जूनचं पान काढलं. आमच्या खात्याचा नियम आहे: चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही, वर गिरवायची नाही. तांबड्या शाईने एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. पस्तीस वर्षांत माझ्या हातून अशा चार रेघा झाल्या. आज एकाच पानावर नऊ मारल्या. ठरावाचीही प्रत होती, तिच्यावर पाचवी सही माझी होती. तीवरही मारली.

अर्ज पेटीतून काढला. पालकाच्या सहीची जागा भरली. चांगला दिवस पाहिला नाही.

उशिरा आलेला अर्ज प्राचार्यांपुढे कारणासह ठेवावा, असं छापील सूचनेत खाली बारीक अक्षरात आहे. शकुन म्हणाली, "लिहा नं, वडील आजारी होते. खरंच हाय थे." खरं आहे, पण अपुरं आहे. अपुरी नोंद मी कधी केली नाही. वडील आजारी नव्हते तेव्हाही दोन आठवडे अर्ज पेटीतच होता. आधी लिहिलं, "पालकाच्या हेकेखोरपणामुळे". तेही खरं होतं, पण ते माझ्याबद्दल झालं, आणि अर्ज तिचा आहे. दोन कागद फुकट गेले. पार्वताबाई म्हणाली, "आयुष्यभर लोकाईची मरनं झरझर लिहिली. पोरीची एक ओळ लिहाले इतका येळ?"

शेवटी लिहिली. आता टांगा बोलावला आहे. शनिवार असल्याने कचेरी दोनला बंद होईल. प्राचार्य मानतील की नाही, सांगता येत नाही. न मानले तर वर अर्ज करीन, त्याच्याही वर करीन. त्या बाबतीत माझा हात धरणारा ह्या शहरात कोणी नाही. टांगा बुधाजीच्या घरावरून न्यायला सांगितला आहे. देवमनला त्या कचेरीचा रस्ता माहीत आहे, त्याचं नाव तिथे महिन्यापूर्वीच लागलं. तो येतो म्हणाला तर माझ्या शेजारी बसेल.

अर्जातली ओळ इथे उतरवून ठेवतो.

"विलंबाचे कारण: मुलगी पाळीवर होती."

वाचून प्राचार्य बुचकळ्यात पडतील, हे मला ठाऊक आहे. मीही पडलो होतो. अजून खोकला आहे, म्हणून मी आत जाणार नाही. कचेरीच्या खिडकीबाहेर उभा राहीन. त्यांनी अर्थ विचारला, की तिथून सांगीन.